कॉलेज लहान, प्रश्न मोठे!

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? आणि लगेच दुसरा प्रश्न, पुढे कुठे? शेजारची ताई पुण्याला गेली, मामाचा मुलगा नागपूरला गेला, आणि आपल्याला मात्र तालुक्याच्याच कॉलेजात घालायचं चाललंय! मग चेहरा पडतो, अबोला धरला जातो. आई समजूत घालते. आजोबा म्हणतात, "अरे, शिकणाऱ्याला कुठंही शिकता येतं!"

मित्रांनो, आजोबांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की, लहान कॉलेजात काय आहे आणि काय नाही, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्यावं लागतं. मोठ्या कॉलेजात एक सर रजेवर गेले तर दुसरे असतात. लहान कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे सर कदाचित एकच असतात. ते असतील आणि मनापासून शिकवत असतील तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. पण ती जागाच रिकामी असेल तर? तर तीन वर्षांचं नुकसान. म्हणूनच लहान कॉलेजला नुसतं नाक मुरडू नका आणि नुसतं घराजवळ आहे म्हणून होही म्हणू नका. आधी त्याची नीट ओळख करून घ्या.

लहान म्हणजे किती लहान?

तुम्हाला वाटत असेल की, लहान कॉलेजात जाणारे आपण एकटेच. मुळीच नाही! केंद्र सरकार दर वर्षी देशातल्या उच्च शिक्षणाची पाहणी करतं. २०१९-२० च्या पाहणीनुसार देशातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश कॉलेजांत ५०० पेक्षा कमी विद्यार्थी होते. ३,००० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेली कॉलेजं शंभरात जेमतेम ४. म्हणजे सिनेमात दिसतं तसं भलंमोठं कॉलेज हाच खरा अपवाद. आपल्या देशातलं नेहमीचं कॉलेज म्हणजे दोन मजली इमारत, समोर मैदान, सायकलींचा आणि मोटारसायकलींचा स्टँड आणि फाटकाबाहेर चहा-वडापावची गाडी!

पदवी कुणाची?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. लहान कॉलेजची पदवी लहान, असं काही नसतं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. या पदव्या विद्यापीठ देतं. कॉलेज त्या विद्यापीठाशी जोडलेलं, म्हणजे संलग्न असतं. चंद्रपूर-गडचिरोलीतली कॉलेजं २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेली आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कॉलेजांसाठी १९९० साली सुरू झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. त्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. एका विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत, मग ते शहरातलं असो की डोंगरातलं, त्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवतं विद्यापीठच.

पण एक काळजी घ्या. कॉलेज संलग्न आहे एवढ्यानं भागत नाही. तुम्हाला हवा असलेला कोर्स आणि विषय तिथे शिकवायला विद्यापीठाची मान्यता आहे ना, तेही बघा. पाटीवर दहा विषय रंगवलेले असतात आणि प्रत्यक्षात सहाच चालू असतात, असंही घडतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न कॉलेजांची यादी असते, ती आई-बाबांबरोबर बसून बघा.

इथे लपायला जागा नाही

आता लहान कॉलेजचे फायदे बघू. पहिला म्हणजे तुम्ही गर्दीत हरवत नाही. वर्गात तीस-चाळीस मुलं असली की महिन्याभरात सरांना प्रत्येकाचं नाव पाठ होतं. तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर तिसऱ्या दिवशी "काय रे, बरं नव्हतं का?" असं विचारणारं कुणीतरी असतं. शंका विचारायला वेळ ठरवून घ्यावी लागत नाही, स्टाफरूमच्या दारात उभं राहिलं की झालं. अर्थात ज्याला मागच्या बाकावर डुलक्या काढायच्या आहेत, त्याची इथे पंचाईतच!

दुसरा फायदा संधीचा. मोठ्या कॉलेजात नाटकाच्या निवडीला शे-दोनशे मुलं येतात आणि दहा-बारा घेतली जातात. लहान कॉलेजात कबड्डीचा संघ पुरा करायलाच सर मुलं शोधत फिरत असतात. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मात्र दोन्ही कॉलेजं एकाच रंगमंचावर उभी राहतात. राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा असते. तिथेही गावच्या विहिरींच्या पाण्यावर नीट काम केलेला मुलगा शहरी मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचंही तसंच. ही योजना १९६९ साली सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. हिशेब कसा ठेवायचा, शंभर माणसांचा स्वयंपाक कसा उरकायचा, ग्रामसभेत उठून कसं बोलायचं, हे शिकायला ती उत्तम जागा आहे.

आणि जे नाही, ते?

आता दुसरी बाजू. दुरून डोंगर साजरे, तसं जवळचं कॉलेजही पाटीवरून साजरं दिसतं. आत जाऊन बघायला हवं.

पहिली अडचण विषयांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. तुम्ही एक मुख्य विषय घेता आणि त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. कागदावर निवडीला खूप वाव आहे. पण कॉलेजात चारच विभाग असतील तर निवडही त्या चारांतूनच करावी लागते! म्हणून विचारा : माझा मुख्य विषय इथे तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवतात का? विद्यार्थी कमी पडले म्हणून तो मध्येच बंद तर होत नाही ना? चौथ्या वर्षाची सोय आहे का? हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारला नाही तर दुसऱ्या वर्षानंतर गाव बदलायची पाळी येते.

दुसरी अडचण शिक्षकांची. अनेक कॉलेजांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर शिक्षक नेमले जातात. त्यांत उत्तम शिकवणारे पुष्कळ असतात, पण नेमणूक उशिरा झाली तर पहिले दोन महिने वर्ग रिकामाच राहतो.

याची परीक्षा घेणं सोपं आहे. आता प्रत्येक विषयाला 'क्रेडिट' असतात. एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. मग ४ क्रेडिटच्या विषयाला एका सत्रात किती तास झाले? ६०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४ तास. कॉलेजचं वेळापत्रक बघा आणि तेवढे तास खरंच होतात का, ते तिथल्या मुलांना विचारा. हिशेब जुळला नाही तर काय समजायचं, ते सांगायला नकोच!

फॉर्म भरण्याआधी एक चक्कर

कॉलेज चालू असताना एक दिवस जाऊन या. सुट्टीत नको, कारण रिकामी इमारत काहीच सांगत नाही. एवढं करा :

१. प्रयोगशाळा बघा. उपकरणांवर धूळ आहे की मुलांच्या हातांचे ठसे? एका सूक्ष्मदर्शकामागे किती मुलं?

२. ग्रंथालयात जा. पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलं हाताळताहेत? संध्याकाळी बसून वाचायची सोय आहे का?

३. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुला-मुलींशी बोला. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलंत तर "चांगलंय" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा "काल किती तास झाले?" असं विचारा.

४. गेल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली मुलं पुढे कुठे गेली, ते प्राध्यापकांना विचारा. चांगल्या कॉलेजात ते तोंडपाठ सांगतात.

५. 'नॅक'नं कॉलेजचं मूल्यांकन केलं आहे का, ते बघा. ही संस्था १९९४ साली स्थापन झाली, ती कॉलेजांना श्रेणी देते. पण श्रेणी कोणत्या वर्षाची, तेही वाचा. जुन्या प्रगतिपुस्तकावर नवा वर्ग कळत नाही!

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, घराजवळच्या कॉलेजात खोलीचं भाडं आणि खानावळीचा खर्च वाचतो, हे खरं. पण फी विचारताना 'अनुदानित की विनाअनुदानित?' एवढं नक्की विचारा. एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते आणि दोन्हींच्या फीमध्ये मोठा फरक पडतो. शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी'वर भरायचे असतात, तेव्हा उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले आधीच काढून ठेवा.

आणि हातात पैसा कमी आहे म्हणून शिक्षण थांबवू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. मुलं काम करत आणि शिकत. आजही अनेक कॉलेजांत ही योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज थोडं काम करायचं आणि स्वतःच्या खर्चाला हातभार लावायचा. यात कमीपणा कसला?

मुलींच्या पालकांना एक विशेष सांगणं. पुष्कळ घरांत मुलीपुढे 'मोठं कॉलेज की लहान कॉलेज' असा प्रश्न नसतोच. 'तालुक्याचं कॉलेज, नाहीतर घरी बस' असा असतो. अशा वेळी जवळचं कॉलेज हे तिच्यासाठी उघडं असलेलं एकमेव दार असतं. ते दार मिळालं ना, मग एसटीची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळते का, शेवटची गाडी चुकली तर काय, मुलींसाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृह आहे का, हे तुम्ही स्वतः जाऊन बघा. पण तिला हवा असलेला विषय तिथे नसेल, तर 'आहे त्यातलं घे' म्हणण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी वसतिगृहाची चौकशीही करा. पहिल्याच वर्षी नावडता विषय गळ्यात पडला की पुढची वर्षं जड जातात.

कमी आहे ते कसं भरून काढायचं?

समजा, सगळं पाहून तुम्ही लहान कॉलेजात गेलात. तिथे संगणकशास्त्र नाही, मानसशास्त्र नाही. मग? केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. तिथे नामवंत संस्थांतले प्राध्यापक शिकवतात आणि शिकण्याचे पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला मात्र फी असते. विद्यापीठानं मान्य केलं तर हे क्रेडिट तुमच्या पदवीतही धरले जातात. पण आधी कॉलेजला विचारा, मग नाव नोंदवा.

दुसरा उपाय जुनाच आहे. सरांच्या मागे लागायचं! चार मुलं मिळून गेली आणि म्हणाली, "सर, शनिवारी एक जादा तास घ्याल का?" तर नाही म्हणणारे सर विरळा. लहान कॉलेजात मुलांचा आवाज प्राचार्यांच्या खोलीपर्यंत लवकर पोचतो. तो नुसता तक्रारीसाठी वापरायचा की ग्रंथालय तासभर जास्त उघडं ठेवायला लावण्यासाठी, हे तुम्हीच ठरवायचं.

तेव्हा दोस्तांनो, यंदा कुणी विचारलं, "काय, तालुक्यालाच का?" तर मान खाली घालू नका. त्याला उलट विचारा, "तुझ्या कॉलेजात काल किती तास झाले?"