नाणे, पुतळी की टोकन? पेटीतली जुनी वस्तू विकण्याआधी एवढे पाहा

‘हनुमानाचे १८१८ सालचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील’ अशा चित्रफिती मोबाईलवर सतत फिरत असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांवर बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा कुणीतरी ताई डब्यातून असे एखादे नाणे काढतेच. सोबत आजीच्या माळेतली पुतळी असते, राणी छाप रुपया असतो, झिजलेला तांब्याचा तुकडा असतो. प्रश्न एकच, ‘याचे किती येतील?’

आमचे म्हणणे असे की आधी वस्तू ओळखा, किंमत नंतर विचारा. टोकनाला नाणे समजून लोक फसतात आणि खरे नाणे मात्र भंगारात किंवा सोनाराच्या मुशीत जाते. नुकसान दोन्हीकडून आपलेच.

नाणे कशाला म्हणायचे?

राज्यसत्तेने चलन म्हणून काढलेला, ठरलेल्या धातूचा आणि ठरलेल्या वजनाचा तुकडा म्हणजे नाणे. नाशिकच्या बौद्ध लेण्यांतील उषवदाताच्या लेखात भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, असा दरही तिथे कोरलेला आहे. म्हणजे नाण्याला मोजमाप असते, दर असतो. दागिन्याला आणि टोकनाला हे बंधन नसते. फरक इथूनच सुरू होतो.

पुतळी

पुतळीचा मूळ नमुना व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्याचा. व्यापारातून ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख असतो. आपल्याकडच्या कारागिरांनी त्याची नक्कल करून माळा केल्या. नकलेची नक्कल होत गेली, अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या आणि माणसांच्या आकृत्या देवादिकांच्या वाटू लागल्या. खऱ्या डुकाटचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. माळेतल्या पुतळ्या बहुधा पातळ पत्र्यावर ठसा मारून केलेल्या असतात. त्या दागिना म्हणूनच मोजा. भाव सोन्याचे वजन आणि शुद्धता यांवर.

रुपया

१८३५ पासून कंपनी सरकारचा आणि पुढे ब्रिटिश सरकारचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता. जुना तोळा तो हाच. त्यात ९१.७ टक्के चांदी असे, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. गळ्यात घालण्यासाठी कडी जोडलेला रुपयाही नाणेच आहे. संग्राहक त्याला कमी भाव देतात, पण चांदीचा भाव मिळायलाच हवा. मात्र दिवाळीच्या पूजेसाठी सराफ तसाच छाप असलेले चांदीचे तुकडे करून विकतात. ती नाणी नव्हेत.

हनुमान, राम आणि १८१८

राम दरबाराची रामटंका ही पूजेची वस्तू. ‘ईस्ट इंडिया कंपनी, यू. के. एल., वन आणा’ असे लिहिलेले, हनुमान किंवा कमळ असलेले आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले टाकलेले तुकडे कंपनीने काढलेलेच नाहीत. कंपनीच्या मद्रासकडील होनावर विष्णूची प्रतिमा होती हे खरे, पण त्या होनाशी या तुकड्यांचा संबंध नाही. १८३५ च्या मालिकेत तांब्याची नाणी अर्धा आणा, पाव आणा आणि १/१२ आणा एवढीच आहेत.

बाबासाहेबांच्या प्रतिमेबाबतही हेच तपासा. भारत सरकारने १९९० मध्ये १ रुपयाचे आणि २०१५ मध्ये १० व १२५ रुपयांचे नाणे काढले. त्यावर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आणि मूल्य असते. मेळाव्यात मिळणाऱ्या, मूल्य नसलेल्या चकत्या स्मरणपदके आहेत. आदराने ठेवा, पण नाणे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

रत्नागिरीत थिबा राजाचे नाव निघतेच. ब्रह्मदेशाच्या चांदीच्या नाण्यावर पिसारा फुलवलेला मोर आणि १२१४ हे बर्मी वर्ष असते. ही नाणी १८६५ पासून पाडली गेली, तरी साल तेच राहिले. म्हणून नुसते साल वाचून वय ठरवू नका. आणि असे नाणे सापडले म्हणून ते राजाच्याच खजिन्यातले, असेही ठरत नाही.

घरच्या घरी काय पाहाल?

सराफाच्या काट्यावर वजन करा. चांदीच्या रुपयाची कड दातेरी असते. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि बोथट अक्षरे दिसली तर तुकडा ओतीव समजा. चांदी, तांबे, सोने लोहचुंबकाला चिकटत नाही. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात, पण ती बहुधा अर्धवट उमटलेली असतात. गोल गरगरीत, पूर्ण अक्षरांची शिवराई दिसली तर उलट शंका घ्या. आणि चिंच, राख, पॉलिश काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

पैसे मागितले की थांबा

विकत घेणारा आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ मागत असेल तर तो ठग आहे. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत नाही आणि कुणाकडून कमिशनही घेत नाही, असा इशारा तिने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. तांदूळ ओढणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याचा धंदाही असाच. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा. जमिनीत जुनी नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवणे गुन्हा आहे. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

शेवटी पेटीतल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी महिलांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारे जुन्या धर्तीचे दागिने टाकून द्यायला सांगितले. त्या काळातला कथलाचा एखादा दागिना घरात उरला असेल तर बाजारात त्याला कुणी विचारणार नाही. तो विकू नका. कोणत्या आजीचा, कोणत्या गावचा, तिने तो घालणे कधी सोडले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि त्यासोबत ठेवा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.