चेंबूर ते गोवंडी : एक स्टेशन, दोन शहरं

हार्बर लाइनवर चेंबूर गेलं की लगेच गोवंडी. अंतर दोन-तीन मिनिटांचं. पण पालिकेचा विभाग बदलतो, 'एम पश्चिम' संपून 'एम पूर्व' सुरू होतो. 2009च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग तळाशी होता. 1927पासून शहराचा कचरा जिथे पडतो, ते देवनारचं डम्पिंगही इथलंच.

फरक पाहायचा तर पाणी पाहावं. इमारतीतल्या माणसाला रोज 135 लिटर, झोपडपट्टीतल्याला 45, हा पालिकेचा जुना हिशेब. घाम झोपडीत कमी येतो, असं बहुधा कुणीतरी गृहीत धरलं असावं! हे 45 लिटरही नळ अधिकृत असेल तरच. 2000नंतरच्या झोपड्यांना नळच मिळत नसे. डिसेंबर 2014मध्ये उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, तेव्हा दार किलकिलं झालं. ज्यांच्याकडे नळ नाही, ते पाणी विकत घेतात. दारापुढे निळे पिंप, गल्लीत कॅन लादलेली हातगाडी, आणि लिटरमागे पैसे इमारतवाल्यांच्या कितीतरी पट. गरिबाचं पाणी महाग पडतं ते असं.

विभागाच्या सरासरीवर मात्र फार विसंबू नये. अणुशास्त्रज्ञांची झाडांनी भरलेली अणुशक्तीनगर वसाहत याच 'एम पूर्व'मध्ये येते. तिथून मानखुर्दच्या वस्त्या रिक्षाच्या अंतरावर आहेत.