भूकंप होणाऱ्या देशांत उंच इमारती का बांधतात?

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तानात भूकंप झाला. पत्त्यांसारख्या कोसळणाऱ्या इमारतींचे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच मोबाईलवर पाहिले. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. साहजिकच प्रश्न पडतो : जमीन हलते हे माहीत असूनही जपानसारखे देश पन्नास-पन्नास मजले का चढवतात?

पहिलं कारण जागेचं. जपानचा जवळपास तीन चतुर्थांश भाग डोंगराळ आहे. बारा कोटींवर लोक, आणि राहायला किनाऱ्यालगतची सपाट पट्टी. टोकियो आणि आसपासच्या शहरांतच साडेतीन कोटींहून जास्त वस्ती आहे. पण नुसत्या गरजेने इमारत उभी राहत नाही. १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत टोकियो-योकोहामा भागात लाखभर लोक दगावले होते. १९६० च्या दशकापर्यंत तिथे ३१ मीटरच्या वर बांधायला सहसा परवानगीच नव्हती. हिशेब पक्का झाल्यावरच, १९६८ मध्ये, कासुमिगासेकीची ३६ मजली इमारत उभी राहिली.

हा हिशेब समजायला झोपाळा आठवा. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो वाढत जातो, भलत्या वेळी दिला तर थांबतो. इमारतीचंही तसंच असतं. बैठी इमारत भरभर हलते, उंच इमारत सावकाश. जमिनीच्या धक्क्यांची लय जिच्याशी जुळली, तिची धडगत नाही. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत नेमकं हेच झालं. शहर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेलं. तिथली जमीन साधारण दोन सेकंदाला एक अशी डुलली, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचं सर्वात जास्त नुकसान झालं. १९५६ चा ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना मात्र उभाच राहिला.

म्हणजे उंच तेवढं सुरक्षित, असंही नाही. २०११ मध्ये शेकडो किलोमीटर दूरच्या भूकंपाने ओसाकातली एक ५५ मजली सरकारी इमारत मीटरभराहून जास्त झुलली, लिफ्टमध्ये माणसं अडकली. पण ती पडली नाही. तिथे मोठ्या इमारतींच्या पायात रबराच्या गाद्या घालतात, मजल्यांमध्ये धक्का शोषणारी यंत्रं बसवतात. (तैपेई १०१ मधला ६६० टनांचा प्रसिद्ध गोळा मुख्यतः वाऱ्यासाठी आहे, भूकंपासाठी नव्हे. लोक उगाच उलटं सांगतात.)

तुर्कस्तानात जे पडलं ते गगनचुंबी नव्हतं. बहुतेक साध्या, काही मजल्यांच्या अपार्टमेंट होत्या. चांगले नियम कागदावर होते. पण काँक्रीट कच्चं, देखरेख ढिली, आणि २०१८ मध्ये तर बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करून घ्यायची सवलत सरकारनेच दिली. आपल्याकडे १९९३ ला किल्लारीत दगड-मातीची बैठी घरंच माणसांवर पडली. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास जीव गेले. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला २०१३ मध्ये बेकायदा इमारत पडली, सत्तरहून जास्त लोक मेले, आणि तिथे तर भूकंपही नव्हता.

म्हणून रिडेव्हलपमेंटमध्ये वीस मजली टॉवर मिळतोय म्हणून घाबरून चालणार नाही आणि बैठ्या चाळीत आहोत म्हणून निर्धास्त राहूनही नाही. विचारायचं ते वेगळंच. मातीची तपासणी झाली का? आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे का? तळमजल्यावर नुसते खांब आणि पार्किंग असेल, तर ते खांब पुरेसे मजबूत केलेत का? २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशा पार्किंगवाल्या कितीतरी इमारती बसल्या. आणि खालच्या गाळेवाल्याने दुकान मोठं करायला भिंत किंवा खांब फोडायला घेतला, तर शेजारधर्म म्हणून गप्प बसू नका. सोसायटीत लेखी तक्रार द्या, महापालिकेलाही कळवा.