दोन किलोची दोन बाळे

अशी कल्पना करा, की एक बाळ अमरावतीच्या डफरिन रुग्णालयात जन्मले आणि त्याच दिवशी दुसरे अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात. दोघांचेही वजन बरोबर २ किलो भरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जन्मतः २.५ किलोपेक्षा कमी भरणारे मूल ‘कमी वजनाचे’. म्हणजे दोन्ही बाळे एकाच यादीत गेली. पण त्यांच्या अडचणी सारख्या आहेत काय?

गर्भाचे पूर्ण दिवस साधारणपणे ४० आठवडे. पहिले बाळ ३४ व्या आठवड्यातच जन्मले असेल, तर त्या आठवड्याच्या मानाने २ किलो हे वजन फारसे कमी नाही. त्याची वाढ नीट चालली होती, फक्त ते लवकर आले. त्याची फुप्फुसे अजून कच्ची, दूध ओढण्याची ताकद अपुरी. दुसरे बाळ मात्र ३९ आठवडे पोटात राहूनही २ किलोच भरले. त्याची वाढ गर्भातच मागे पडली. म्हणून डॉक्टर वजनाच्या जोडीला नेहमी विचारतात, ‘किती आठवड्यांचे?’

गर्भातच वाढ खुंटण्याचे कारण काय? बाळाला प्राणवायू, साखर, प्रथिने हे सारे वारेतून मिळते. आईच्या अंगात रक्त कमी असेल, रक्तदाब वाढला असेल, मलेरियासारखा आजार झाला असेल किंवा तिला खर्ऱ्याचे व्यसन असेल, तर हा पुरवठा आखडतो. क्वचित दोष बाळाच्या जनुकांतही असतो. पुरवठा कमी पडला, की गर्भ आहे त्या रक्तातला मोठा वाटा मेंदूकडे वळवतो. यकृत आणि स्नायू यांच्या वाट्याला उरलेले येते. म्हणूनच अशा कित्येक बाळांचे डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत मेळघाटचा डोंगराळ भाग आहे. १९९३ साली येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. येथे प्रामुख्याने कोरकू लोक राहतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपत येते आणि नेमकी तेव्हाच शेतीची कामे ऐन भरात असतात. गरोदर बाईचे खाणे घटते, कष्ट वाढतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी खाली मैदानात उतरतात, ती होळीला परततात. तोवर गावच्या अंगणवाडीतले वजन, लस, पूरक आहार हे सारे चुकते. शिवाय लग्न लहान वयात झाले, तर आईचे स्वतःचेच शरीर अजून वाढत असते. हा प्रश्न एकट्या डॉक्टरांकडून सुटणारा नाही, हे उघड आहे.

आईचा आहार खरोखरच इतका महत्त्वाचा असतो का? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. दुसरी गोष्ट अधिक चकित करणारी होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो, तर पुण्याच्या बाळांचे सुमारे २.७ किलो. या लहान बाळांचे स्नायू बारीक होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती! अशा मुलांचे वजन पुढे बालपणात भराभर वाढले, तर मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो. तेव्हा बाळ बारीक आहे म्हणून साखरपाणी आणि बिस्किटांचा मारा करणे हा काही उपाय नव्हे.

मग उपाय कोणता? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत तो करून पाहिला. गावातल्याच बायकांना त्यांनी बाळाला ऊब देणे, आईचे दूध पाजायला मदत करणे आणि जंतुसंसर्ग वेळीच ओळखणे शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले; हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशा ताई पहिल्या ४२ दिवसांत नवजात बाळाच्या घरी ठराविक दिवशी जातात, त्यामागे हाच प्रयोग आहे.

गर्भात मागे पडलेली बहुतेक मुले दोन वर्षांपर्यंत उंचीत बरोबरीच्या मुलांना गाठतात. दहांतले सुमारे एक मूल ठेंगणे राहते. अशांपैकी काहींना तज्ज्ञ वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने देतात. पण ती महाग असतात आणि वर्षानुवर्षे टोचून घ्यावी लागतात. ज्याला पोटभर अन्नच मिळत नाही, त्या बाळावर हा इलाज नव्हे.

मूल बरोबरीच्या मुलांना गाठते आहे, हे कळते वजनाच्या आलेखावरून. अंगणवाडीत वापरतात ते आलेख जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून तयार केले. त्यांपैकी एक देश भारत होता. आता एक आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर किलो मांडा. मुलग्यांच्या वजनाची खालची मर्यादा अशी आहे: जन्मतः २.५, तिसऱ्या महिन्यात ५, सहाव्यात ६.४, नवव्यात ७.१. ही रेषा काढा. तिच्याच शेजारी दोन काल्पनिक मुलगे मांडा. पहिल्याची वजने त्याच क्रमाने २, ४.२, ५.८, ६.९. दुसऱ्याची २.९, ५.६, ६.७, ६.७.

पहिला मुलगा अजून मर्यादेखालीच आहे, पण तिसऱ्या महिन्यानंतर त्याची रेषा दर वेळी तिच्या जवळ सरकते आहे. दुसरा चांगल्या वजनाचा जन्मला, सहाव्या महिन्यापर्यंत मर्यादेच्या वर होता, आणि मग त्याची रेषा आडवी झाली. याच वयात आईचे दूध एकटे पुरेनासे होते. घट्ट वरण, मऊ भात, कुस्करलेले केळे असे वरचे अन्न दिवसातून अनेकदा भरवावे लागते. अंगणवाडी ताईंनी या दोघांपैकी आधी कोणाच्या घरी जावे?