धुळीआडचे दोन नकाशे

गेल्या आठवड्यात आपण आयरास उपग्रह पाहिला. 1983 मध्ये त्याने दहा महिने अवरक्त किरणांत आकाश धुंडाळलं, आणि दृश्य प्रकाशात मामुली वाटणाऱ्या काही दीर्घिका अवरक्तात विलक्षण तेजस्वी निघाल्या. भुजंग तारकासमूहातली आर्प 220 ही अतितेजस्वी जातीची आपल्याला सर्वांत जवळची दीर्घिका. जवळची म्हणजे तरी सुमारे 25 कोटी प्रकाशवर्षं! इथे दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताहेत. त्यांची केंद्रं आता जेमतेम 1200 प्रकाशवर्षांवर आली आहेत. नव्या ताऱ्यांचा प्रकाश धूळ गिळते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. तिचं तेज लाख कोटी सूर्यांहून जास्त भरतं.

आत काय चाललंय हे नुसत्या छायाचित्रावरून कळत नाही. ठिपक्याठिपक्याचा वर्णपट हवा. चिलीत पारानालच्या व्हीएलटी दुर्बिणीवर बसवलेलं म्यूझ हे उपकरण एका वेळी असे सुमारे 90 हजार वर्णपट घेतं.

त्यातला एकच घेऊ. ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशात जागोजागी काळ्या खाचा दिसतात. त्या ताऱ्यांच्या वातावरणातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या मूलद्रव्यांच्या. त्यावर उठून दिसणारे टोकदार सुळके आयनीभूत वायूचे. हायड्रोजनचा लाल सुळका मूळचा 656.3 नॅनोमीटरचा, विश्वाच्या प्रसरणामुळे आर्प 220 मध्ये तो 668 च्या आसपास सापडतो. शेजारच्या ठिपक्यात तो आणखी 0.2 नॅनोमीटर पुढे सरकलेला असला, तर तिथला वायू सेकंदाला सुमारे 90 किलोमीटर अधिक वेगाने दूर जातोय. खाचांवरून ताऱ्यांचा नकाशा, सुळक्यांवरून वायूचा.

आणि हे दोन नकाशे अनेकदा जुळत नाहीत. या विषयाची खरी गोडी मला इथेच वाटते. दीर्घिकांच्या टकरीत तारे एकमेकांवर आपटत नाहीत, मधली पोकळीच तेवढी अफाट असते. वायूचे ढग मात्र आदळतात, वेग गमावतात, केंद्राकडे घसरतात आणि तिथे ताऱ्यांना जन्म देतात. त्यातल्या भारी ताऱ्यांचे स्फोट होतात, आणि वायू सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगाने बाहेर फेकला जातो. मग सुळक्याला एका बाजूला रुंद शेपटी फुटते. ताऱ्यांच्या खाचांना ती नसते. म्हणूनच अशा दीर्घिकेचं वस्तुमान केवळ वायूच्या वेगावरून काढलेलं असलं, तर मला त्या आकड्याची शंका येते.

राहता राहिली धूळ. हायड्रोजनचा लाल सुळका निळसर सुळक्याच्या साधारण 2.86 पट प्रखर असायला हवा. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे हे गुणोत्तर वाढतं. किती वाढलं त्यावरून धुळीचा अंदाज बांधता येतो. पण आर्प 220 च्या केंद्रापाशी धूळ इतकी दाट आहे की दृश्य प्रकाश वरच्या थरांपुरतंच सांगतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरस्पेकने तिथे अवरक्तात ठिपक्यागणिक वर्णपट घेतले, आणि दोन्ही केंद्रांतून निघणारे वायूचे झोत वेगवेगळे ओळखता आले. वायू गिळणाऱ्या महाकाय कृष्णविवराची ठोस खूण मात्र त्यात मिळाली नाही. ती नेमकी कशी शोधतात, ते पुढच्या लेखात.