बाळंतिणीचें मन

घरांत बाळंतपण असलें म्हणजे केवढी धांदल उडते! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, धुरी, यांत कांहीं उणें पडूं नये म्हणून वडीलधाऱ्या बायका डोळ्यांत तेल घालून जपतात. परंतु शरीराची एवढी काळजी वाहणाऱ्या या घरांत बाळंतिणीच्या मनाची विचारपूस क्वचितच होते. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही उपेक्षा आपल्या परंपरेस धरून नाहीं. सुश्रुतानें गर्भिणीस 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, असें म्हटलें आहे व तिच्या इच्छांचा अव्हेर करूं नये असें बजाविलें आहे. पुढें दोहदाचे डोहाळे झाले, ओटीभरणाचा समारंभ तेवढा राहिला आणि मनाचा विसर पडला.

प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनीं उगाच रडूं येणें, चिडचिड होणें, हें बहुतेक स्त्रियांस होतें, व तें दोन आठवड्यांच्या आंत आपोआप निवळतें. विश्रांति आणि मायेचे दोन शब्द एवढें त्यास पुरतें. परंतु त्यानंतरही उदासी हटत नाहीं, मूल निजलें असतांही तिला झोंप लागत नाहीं, बाळाची ओढ वाटत नाहीं, 'मी आई होण्यास लायक नाहीं' असें ती म्हणूं लागते, तर तो आजार समजावा. गर्भारपणांतही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें जगांत १०० गर्भवतींपैकीं सुमारें १० व १०० बाळंतिणींपैकीं सुमारें १३ जणींस मानसिक विकार, मुख्यतः असें औदासीन्य, होतो. विकसनशील देशांत हें प्रमाण अधिक आहे. तेव्हां यास नाजूकपणा किंवा माहेरचा लाड म्हणणें अन्यायाचें होय.

हजारांत एखाददुसरीस याहून भयंकर विकार जडतो. ती असंबद्ध बोलते, तिला भास होतात, रात्रीमागून रात्री झोंप नसते. अशा वेळीं दृष्ट काढण्यांत वेळ न दवडतां त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें, व तिला आणि बाळाला एकटें सोडूं नये.

मदत कोठें मिळेल? प्रथम बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंस सांगावें. एडिंबरो येथें तयार होऊन १९८७ सालीं प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची एक यादी आहे; तींत मागील सात दिवसांची मनःस्थिति विचारतात. दहावा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. असें विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं; उलट मनांतलें ओझें बाहेर येतें. सरकारच्या 'टेलि-मानस' या सेवेंत १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य, मराठींतूनही बोलतां येतें. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. अंगावर पाजणाऱ्या आईसही देतां येण्याजोगीं कांहीं औषधें आहेत. त्यांचा निर्णय डॉक्टरांचा, व चालू औषध मनानें बंद करूं नये. इस्पितळांत ठेवल्यास मूल तुटेल ही भीतिही धरूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें तीन वर्षांखालील मुलास अशा आईपासून सामान्यतः वेगळें करीत नाहींत. बंगळूरच्या 'निमहान्स' संस्थेंत तर मायलेकरांस एकत्र ठेवणारा स्वतंत्र विभागच आहे.

तरी पहिली मदत घरचीच. भरल्या घरांत सुनेला एकांत मिळत नाहीं, आणि मन मोकळें करण्यास माणूसही मिळत नाहीं. 'आमच्या वेळीं असें नव्हतें' हें वाक्य सासूबाईंनीं गिळावें. मुलगी झाली म्हणून कोणी सुस्कारा टाकूं नये. रात्रीं एकदां पाजून झालें कीं मूल नवऱ्यानें किंवा सासूनें घ्यावें, म्हणजे तिला चार-पांच तास सलग झोंप मिळेल. डॉक्टरांकडे तिच्यासोबत जरूर जावें, पण आंत तिला एकटीला बोलूं द्यावें.

बाळाचें वजन आपण दर महिन्यास लिहून ठेवतों. त्याच दिवशीं आईलाही 'तुझें मन कसें आहे?' असें विचारावें, आणि तिचें सांगून होईपर्यंत मध्यें बोलूं नये.