'ड' जीवनसत्त्व : एक संप्रेरक व्यवस्था

प्रस्तावना :
पालघर तालुक्यातील मुरबे हे सातपाटीजवळचे मच्छीमारांचे गाव. येथे किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या महिलांना भरपूर ऊन मिळते. काही किलोमीटरवरील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगाराचा दिवस मात्र छताखाली जातो. या फरकाचा 'ड' जीवनसत्त्वाशी निकटचा संबंध आहे. १९२२ मध्ये मॅककॉलम यांनी या घटकाला 'ड' हे नाव दिले. परंतु जे द्रव्य शरीर स्वतः तयार करते आणि जे रक्तावाटे दूरच्या पेशींना संदेश पोहोचवते, त्यास संप्रेरक म्हणणेच शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरते.

निर्मिती :
सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर पडतात व त्यापासून 'ड-३' तयार होते. खिडकीची काच हे किरण अडविते. यकृतात 'ड-३' चे कॅल्सिडायॉल बनते, तर मूत्रपिंडात त्याचे कॅल्सिट्रायॉल या क्रियाशील संप्रेरकात रूपांतर होते. या संप्रेरकाची ओळख १९७१ मध्ये निश्चित झाली.

कार्य व नियंत्रण :
कॅल्सिट्रायॉल पेशीकेंद्रातील ग्राहीशी संयोग पावते आणि विशिष्ट जनुकांचे कार्य बदलते. परिणामी आतड्यात कॅल्शियम व फॉस्फरसचे शोषण वाढते. रक्तातील कॅल्शियम घटल्यास परावटू संप्रेरक मूत्रपिंडाला कॅल्सिट्रायॉल वाढविण्याचा आदेश देते. उलटपक्षी, कॅल्सिट्रायॉल वाढले की ते स्वतःचेच विघटन करणारे विकर निर्माण करविते. म्हणूनच कमतरतेतही कॅल्सिट्रायॉलची पातळी सामान्य दिसू शकते. रक्ततपासणीत कॅल्सिडायॉल मोजतात ते याच कारणामुळे. मूत्रपिंड निकामी झाल्यास ऊन व आहार पुरेसा असूनही ही साखळी शेवटच्या टप्प्यावर तुटते.

परिसर व आहार :
बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून 'ड' जीवनसत्त्व मिळते. तथापि केवळ आहारावर गरज भागणे कठीण असते. पावसाळ्यातील ढगाळ आकाश, अंग झाकणारा पोशाख, गडद त्वचा व वाढते वय यांमुळे त्वचेतील निर्मिती घटते. भरपूर सूर्यप्रकाशाच्या देशातही ही कमतरता व्यापक असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील अभ्यासाने दाखवून दिले. त्यामुळे केवळ भौगोलिक स्थानावरून निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

निष्कर्ष :
उन्हातून विषबाधा होत नाही, कारण जास्तीच्या पूर्वद्रव्याचे त्वचेतच निष्क्रिय संयुगांत रूपांतर होते. ६०,००० एककांची पुडी घेणाऱ्यास हे संरक्षण लाभत नाही. वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ मोठी मात्रा घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होऊ शकते. 'जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी' हा समज दूर होणे म्हणूनच आवश्यक आहे. महाविद्यालयीन अध्यापनात 'ड' चा परिचय संप्रेरक म्हणून करून दिल्यास विद्यार्थी ऊन, आहार आणि औषध यांकडे अधिक विवेकाने पाहतील.